मराठवाड्याचा अनुशेष आणि अर्थशास्त्रीय संशोधन : एक आढावा

मराठवाड्याच्या मागासलेपणाविषयी गेल्या सत्तर वर्षांत जेवढी भाषणे झाली, जेवढी निवेदने मंत्रालयाच्या दप्तरी दाखल झाली आणि विधिमंडळात जेवढ्या चर्चा झडल्या, त्यांच्या मानाने त्या मागासलेपणाचे शास्त्रशुद्ध मोजमाप करणारे साहित्य थोडे आहे. जे आहे ते एकट्या-दुकट्या विद्वानाने अभ्यासिकेत बसून निर्माण केलेले नाही. विद्यापीठे, संशोधनसंस्था, लोकसंघटना आणि सरकारी समित्या यांच्या कमीअधिक सहकार्यातून, आणि पुष्कळदा त्यांच्यातील मतभेदांतून, ते आकाराला आले आहे. हा अभ्यास कोठून सुरू झाला, त्यात कोणकोणत्या भूमिका उभ्या राहिल्या आणि आज कोणते प्रश्न अनुत्तरित आहेत, याचा क्रमाने आढावा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

पूर्वपीठिका

मराठवाड्याच्या आर्थिक पाहणीचा प्रारंभ महाराष्ट्रात नव्हे, हैदराबाद संस्थानात झाला. अर्थशास्त्रज्ञ एस. केशव अय्यंगार यांनी १९२९-३० साली संस्थानाची आर्थिक पाहणी केली. पुढे संस्थान भारतात विलीन झाल्यावर, १९४९ ते १९५१ या काळात, त्यांनीच ग्रामीण आर्थिक चौकशीचे काम पुन्हा हाती घेतले. या दोन पाहण्यांच्या दरम्यान जागतिक मंदी, दुसरे महायुद्ध, रझाकारांचा उच्छाद आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी आलेली मुक्ती एवढी उलथापालथ होऊन गेली होती. त्यामुळे एकाच अभ्यासकाने वीस वर्षांच्या अंतराने त्याच प्रदेशाकडे वळून पाहण्याचा हा योग भारतीय ग्रामीण अर्थशास्त्रातही विरळाच म्हटला पाहिजे.

मराठवाड्यातील जमीन खालसा (सरकारी), सर्फेखास (निजामाची खासगी) आणि जहागिरी अशा निरनिराळ्या अमलांखाली विभागलेली होती. १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या आणि १९५० साली कुळकायदा आला. या कायद्यांचा परिणाम प्रत्यक्षात काय झाला याचा शोध उस्मानिया विद्यापीठातील ए. एम. खुस्रो यांनी नियोजन आयोगाच्या संशोधन कार्यक्रम समितीच्या साहाय्याने घेतला; त्याचा ग्रंथ १९५८ साली प्रसिद्ध झाला. संरक्षित ठरलेल्या कुळांपैकी पुष्कळांना बेकायदा बेदखलीमुळे किंवा तथाकथित स्वखुशीच्या राजीनाम्यामुळे जमीन सोडावी लागली, हा त्यातील निष्कर्ष कायद्याचा मजकूर आणि गावातील वहिवाट यांतील अंतर आकड्यांनिशी दाखवणारा होता. मराठवाडा इतर प्रदेशांच्या तुलनेत कोठे उभा आहे, एवढ्यावरच नंतरच्या अभ्यासाचे बहुतेक लक्ष एकवटले आणि मराठवाड्याच्या आत कोण कोठे उभा आहे, हा खुस्रो यांनी विचारलेला प्रश्न काहीसा मागे पडला, असे माझे मत आहे.

विद्यापीठ आणि त्याभोवतीच्या संस्था

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी ते महाराष्ट्राचा भाग झाले. तत्पूर्वी २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने, विकासाचा निधी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला जाईल आणि मराठवाड्याच्या अविकसित स्थितीकडे विशेष लक्ष पुरवले जाईल, असे अभिवचन दिले होते. पुढच्या सर्व वादाचे मूळ या अभिवचनात आहे. कारण विशेष लक्ष पुरवले गेले की नाही हे ठरवायचे, तर काय मोजायचे आणि कशाशी ताडून पाहायचे हे आधी ठरवावे लागते.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. तोवर येथील महाविद्यालये उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न होती, आणि अर्थशास्त्राचा विद्यार्थी आपल्या प्रदेशाकडे पाहू लागला तरी त्याची दृष्टी हैदराबादच्या अभ्यासक्रमातून घडलेली असे. स्वतःचे विद्यापीठ मिळाल्यामुळे पाटबंधारे, सहकारी पतपुरवठा, साखर कारखाने, रोजगार हमी आणि कापूस-ज्वारीचे अर्थकारण हे विषय स्थानिक प्रबंधांचे विषय होऊ लागले, आणि मराठी अर्थशास्त्र परिषदेची अधिवेशने व तिचे ‘अर्थसंवाद’ हे नियतकालिक यांच्यामुळे त्या लेखनाला मराठीत व्यासपीठही मिळाले.

मात्र येथील अर्थशास्त्रीय चर्चा विद्यापीठाच्या आवारापुरती कधीच राहिली नाही. १९७४ साली विद्यार्थ्यांच्या विकास आंदोलनाने नोकऱ्या, उच्च शिक्षण, सिंचन आणि रुंदमापी रेल्वे या मागण्या ऐरणीवर आणल्या. स्वातंत्र्यसैनिक गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा जनता विकास परिषदेने त्या मागण्यांना आकडेवारीचा आधार देण्याची शिस्त लावली. औरंगाबाद शहरातील स्वामी रामानंद तीर्थ संशोधन संस्थेने या प्रदेशाच्या प्रश्नांसाठी अभ्यासाचे एक स्वतंत्र स्थान निर्माण केले. आणि १९८० साली स्थापन झालेल्या जल व भूमि व्यवस्थापन संस्थेमुळे, म्हणजे ‘वाल्मी’मुळे, पाण्याचे अभियंते आणि शेतीचे अर्थशास्त्रज्ञ एकाच शहरात राहू लागले. एखाद्या प्रदेशाच्या मागणीपत्रामागे प्राध्यापक, अभियंता आणि सत्याग्रही यांनी एकत्र बसून केलेले गणित असावे, ही या शहराची परंपरा मला अत्यंत मोलाची वाटते.

दांडेकर समिती

या अभ्यासाचा मध्यबिंदू म्हणजे १९८४ सालचा दांडेकर समितीचा अहवाल. राज्य सरकारने १९८३ साली पुण्याच्या गोखले संस्थेतील ज्येष्ठ अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाविषयी सत्यशोधन समिती नेमली. नीलकंठ रथ यांच्यासह भारतातील दारिद्र्याचा १९७१ सालचा गाजलेला अभ्यास करणाऱ्या दांडेकरांनी हा भावनांनी भारलेला प्रश्न मोजमापाच्या कक्षेत आणून बसवला. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास आणि पशुवैद्यकीय सेवा या नऊ क्षेत्रांत प्रत्येक जिल्ह्याची स्थिती राज्याच्या सरासरीशी ताडायची, जो जिल्हा सरासरीखाली असेल त्याची तूट काढायची आणि ती भरून काढण्यास लागणारा खर्च, म्हणजेच अनुशेष, रुपयांत मांडायचा, अशी ही पद्धती होती. सिंचनाच्या बाबतीत निरनिराळ्या पिकांना लागणारे पाणी भिन्न असल्याने सर्व क्षेत्र रब्बी-समतुल्य हेक्टरांत रूपांतरित केले गेले. त्यायोगे एक हेक्टर ऊस आणि एक हेक्टर रब्बी ज्वारी यांची बरोबरी होण्याचा ढोबळ प्रमाद टळला.

समितीने काढलेला एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपयांचा होता. त्यात विदर्भाचा वाटा १,२४६.५५ कोटींचा (३९.१२ टक्के), मराठवाड्याचा ७५०.८५ कोटींचा (२३.५६ टक्के) आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९.३८ कोटींचा (३७.३२ टक्के) होता. या शेवटच्या आकड्यानेच वादाला तोंड फुटले. प्रदेश हा एकक न धरता जिल्हा हा एकक धरल्यामुळे कोकणातील आणि पश्चिम महाराष्ट्रातील तुटीचे जिल्हेही हक्कदार ठरले, आणि नागपूर कराराने ज्यांना अभिवचन दिले होते त्या दोन प्रदेशांचा प्रश्न राज्यव्यापी तुटीच्या हिशेबात विरघळून गेला, असा आक्षेप विदर्भात व मराठवाड्यात घेतला गेला. याउलट, सांगली-सोलापूरच्या अवर्षणग्रस्त तालुक्यांतील शेतकऱ्याची तहान तो कोणत्या प्रदेशात राहतो यावर अवलंबून नसते, तेव्हा मोजमाप जितके सूक्ष्म तितके न्याय्य, असे समितीच्या पद्धतीचे समर्थक म्हणत. दोन्ही युक्तिवाद विचारार्ह आहेत. पहिला राजकीय कराराच्या प्रामाणिकपणाचा आहे, दुसरा नागरिकांच्या समानतेचा.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी होता. समितीने मोजली ती सार्वजनिक सुविधांची तूट. उत्पन्न, उद्योग, बँकांची पतपुरवठा-व्याप्ती आणि रोजगार या गोष्टी त्या नऊ क्षेत्रांबाहेर राहिल्या. शिवाय राज्याची सरासरी ही स्थिर रेषा नव्हे. पुढारलेले जिल्हे पुढे जात राहिले की ती वर सरकते, आणि काल भरलेला अनुशेष आज पुन्हा उभा राहतो. सरकारने अहवाल रीतसर स्वीकारला नाही, परंतु अनुशेषासाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद करण्याची प्रथा मात्र सुरू केली. एखाद्या अहवालाचा प्रभाव त्याच्या स्वीकृतीवर अवलंबून नसतो, याचे हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

वैधानिक मंडळे आणि दुसरे मोजमाप

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळांची आणि निधीच्या समन्यायी वाटपाविषयी राज्यपालांच्या विशेष जबाबदारीची तरतूद झाली होती. ती अमलात यावयास १ मे १९९४ उजाडावे लागले. त्यानंतर राज्यपालांनी नेमलेल्या निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ रोजीचा अनुशेष १४,००६.७७ कोटी रुपये ठरवला. विदर्भ ६,६२४.०२ कोटी, मराठवाडा ४,००४.५५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्र ३,३७८.२० कोटी अशी त्याची विभागणी होती. म्हणजे मराठवाड्याचा वाटा सुमारे २८.६ टक्क्यांवर गेला. दोन अहवालांतील रकमा एकमेकींतून वजा करून दहा-बारा वर्षांत तूट किती वाढली असे सांगण्याचा मोह अनेकांना होतो. पण किमतींचे आधारवर्ष आणि मोजमापाचे निकष निराळे असल्याने तसे करणे शास्त्राला धरून नाही. वाटा वाढला, एवढेच निर्विवाद म्हणता येते.

१५ डिसेंबर २००१ च्या राज्यपालांच्या निर्देशांनी वाटपाचे सूत्र घालून दिले. विधिमंडळाला जबाबदार असलेल्या मंत्रिमंडळाच्या अंदाजपत्रकीय अधिकारावर राज्यपालांच्या निर्देशांची मर्यादा असावी काय, हा घटनात्मक प्रश्न येथून पुढे चर्चेत राहिला. अर्थशास्त्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरला तो आर्थिक आणि भौतिक अनुशेषातील फरक. मंजूर रक्कम खर्ची पडली की कागदावर आर्थिक अनुशेष संपतो. परंतु कालव्याचे काम रखडले, किमती वाढल्या किंवा चारीचे तोंड शेतापर्यंत पोचलेच नाही, तर भौतिक अनुशेष जसाच्या तसा उरतो. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनर्रचनेचा निर्णय घेतला.

केळकर समिती आणि एककाचा प्रश्न

२०११ साली अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या उच्चस्तरीय समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला. तो डिसेंबर २०१४ मध्ये विधिमंडळापुढे आला. सुविधांच्या तुटीकडून दरडोई उत्पन्न, मानवी विकास आणि पाण्याची उपलब्धता यांकडे लक्ष वळवणे, हा तिचा विशेष होता. अनुशेष हा हक्क आहे, त्याचे रूपांतर सर्वसाधारण विकासाच्या उद्दिष्टात केले की हक्काची धार बोथट होते, अशी टीका मराठवाड्यातून झाली. उलट, रस्ता झाला आणि शाळा झाली तरी त्या रस्त्याने तरुण पुण्याला निघून जात असेल, तर केवळ सुविधा मोजून काय साधले, असा समितीच्या भूमिकेच्या बाजूने विचारला जाणारा प्रश्नही टाळता येण्याजोगा नाही.

एककाच्या निवडीने सत्य कसे झाकले जाते याचे उदाहरण येथल्या येथेच सापडते. १ मे १९८१ पर्यंत जालना हा बहुतांशी औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता. पुढे चिकलठाणा-वाळूजच्या औद्योगिक वसाहतींनी औरंगाबादची सरासरी उंचावली. जालना स्वतंत्र झाला म्हणूनच २००२ च्या महाराष्ट्र मानवी विकास अहवालात तो राज्यातील तळाच्या जिल्ह्यांत असल्याचे दिसू शकले. तो विभक्त झाला नसता तर शेजारच्या कारखान्यांच्या उत्पादनाखाली त्याचे दैन्य झाकले गेले असते. आजही वैजापूर, सोयगाव किंवा कन्नड येथील स्थिती शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्याच्या आकड्यांमागे दडलेली असण्याचा संभव मोठा आहे.

पाण्याचे अर्थकारण

सर्व वादांच्या तळाशी अखेर पाणी आहे. १९६५ साली पैठण येथे लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. त्याचा नियोजित उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे ७६.६५ अब्ज घनफूट आहे. परंतु वरच्या अंगास गोदावरी, दारणा, प्रवरा व मुळा या नद्यांवर धरणे उभी असल्याने नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, भरणे हे वरच्या खोऱ्यातील पावसाइतकेच वरच्या धरणांच्या व्यवस्थापनावरही अवलंबून राहिले.

येथे एक जुना अभ्यास आठवतो. १९४८ साली गोखले संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष आर्थिक परिणामांची पाहणी प्रसिद्ध केली. कालव्याच्या पाण्याने नगर जिल्ह्याच्या भागात ऊस, गूळ, कारखाने आणि मजुरी यांची साखळी कशी वाढली, हे तीत तपशिलाने दाखवले आहे. तेच पाणी नदीच्या खालच्या अंगास पोचते तर तेथे कोणती साखळी उभी राहिली असती, हा तिचा पूरक प्रश्न होय. आणि तो मराठवाड्याने विचारला पाहिजे.

२००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातील कलम १२(६)(क) ने खोऱ्यातील टंचाई सर्वांनी समन्यायाने वाटून घेण्याचे तत्त्व मान्य केले. मेंढेगिरी अभ्यासगटाने २०१३ साली त्याचे कोष्टक बांधले. १५ ऑक्टोबरपर्यंत जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे सूत्र प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशात आले, आणि २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. ब्रिटिश काळापासूनच्या कालव्यांवरील वहिवाटीचे हक्क, नदीपात्रातून पाणी सोडताना होणारी गळती व बाष्पीभवन, आणि नाशिकसारख्या वाढत्या शहराचे पिण्याचे पाणी, हे नाशिक-नगरकडील मुद्दे आहेत. जायकवाडीचे नियोजन ज्या आवकेवर आधारले होते ती आवकच वरच्या साठवणुकीने घटली, असा मराठवाड्याचा मुद्दा आहे.

या द्वंद्वापलीकडे तिसरी भूमिका आहे. दांडेकर, देऊसकर व देशमुख यांच्या १९७९ च्या समितीने बारमाही उसाऐवजी आठमाही पाणीपुरवठ्याचा पुरस्कार केला होता. औरंगाबादचे अर्थतज्ज्ञ ह. मो. देसरडा यांनी मोठी धरणे आणि ऊसकेंद्रित सिंचन यांऐवजी पाणलोट विकास व मृदसंधारण यांवर भर दिला; आणि माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्ये खोरेनिहाय नियोजनाचा आग्रह धरला. कोणाचे पाणी किती, यापेक्षा आहे ते पाणी कोणत्या पिकाला, हा प्रश्न आधीचा आहे, असे या भूमिकेचे सार आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले, तेव्हा त्याच प्रदेशात ऊसही उभा होता, ही वस्तुस्थिती कोणत्याही पक्षाने नजरेआड करू नये. दुसऱ्या बाजूला, ज्याच्या हाती पैसा देणारे दुसरे पीक आणि हमखास बाजार नाही, त्या शेतकऱ्याला ऊस सोडण्याचा उपदेश करणे सोपे आणि पर्याय उभा करणे कठीण आहे.

सिंचनाच्या आकड्यांचाही भरवसा धरता येत नाही. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत दशकभरात सिंचित क्षेत्राचे प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याचे दिसले. त्यावर श्वेतपत्रिका निघाली, चौकशी झाली. परंतु निर्मित सिंचनक्षमता आणि प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र यांचा तालुकावार ताळेबंद दरवर्षी लोकांपुढे ठेवण्याची व्यवस्था रूढ झाली नाही.

जे उरले आहे

जिल्ह्याचे जे उत्पन्न अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रसिद्ध करते, ते उत्पादनाच्या ठिकाणावरून काढलेले असते, आणि अनेक क्षेत्रांत राज्याचा आकडा निर्देशकांच्या आधारे जिल्ह्यांत वाटलेला असतो. बीडच्या ऊसतोड मजुराने मुकादमाकडून उचल घेऊन, कोयता घेऊन कोल्हापूरला किंवा कर्नाटकात पाच-सहा महिने राबून जे मिळवले, ते त्या हिशेबात तेथले उत्पादन ठरते; घरी आणलेले पैसे, फिटलेली किंवा फिरून वाढलेली उचल आणि शाळेतून उठलेली मुले यांची नोंद बीडच्या खात्यावर पडत नाही. तेव्हा दरडोई उत्पन्नाला निकष मानणाऱ्यांनी आधी त्या उत्पन्नाची मोजणी दुरुस्त करून घेतली पाहिजे, आणि अनुशेषाच्या हक्काचा आग्रह धरणाऱ्यांनी प्रदेशाला मिळालेला पैसा प्रदेशातील कोणत्या घरापर्यंत गेला याचे उत्तर दिले पाहिजे. भूमिहीन, अल्पभूधारक आणि स्त्रिया यांच्या वाट्याचा अनुशेष कोणत्याही समितीने स्वतंत्रपणे काढलेला नाही.

हे काम अधूनमधून नेमल्या जाणाऱ्या समितीच्या हातून होणार नाही. समिती आपला अहवाल देते आणि विसर्जित होते. ते स्थायी संस्थेचेच काम आहे. मराठवाड्यातील विद्यापीठांच्या अर्थशास्त्र विभागांनी तालुक्यातालुक्यांच्या महाविद्यालयांना बरोबर घेऊन, वाल्मी आणि कृषि विद्यापीठ यांच्या सहकार्याने, काही निवडक गावे कायमची अभ्यासासाठी घ्यावीत. सातबारा आणि पीकपाहणी यांच्याशी कुटुंबांची मिळकत, स्थलांतर, कर्ज व पाणी यांची प्रत्यक्ष नोंद ताडून पाहावी. आणि दर पाच वर्षांनी ती माहिती मराठीत, सर्वांना वाचता येईल अशी प्रसिद्ध करावी. राज्य सरकारने विकास मंडळांच्या निधीतील अल्पसा भाग यासाठी राखून ठेवावा, आणि ज्या गावांची पाहणी होईल त्या गावांच्या ग्रामसभेपुढे तिचे निष्कर्ष सर्वांच्या आधी वाचून दाखवले जावेत, अशी माझी विद्यापीठांना व शासनाला विनंती आहे.